संजू हेवी मेटलला लागला

"...हेवी मेटलचं नक्की झालं. शनिवारी, औरंगाबादला. लिस्टमधे आपले तिघांचे नाव लागले."

एवढंच माझ्या कानावर पडलं. पुढचं ऐकणार तोच नळाला पाणी आलं आणि शेजारच्यांची मोटर सुरू झाली. भिंतीपलीकडे रफिक बोलत होता, संजू आणि त्यांचा तिसरा दोस्त भास्कर ऐकत होते. अलीकडे मी हंडा घेऊन उभी होते. मुद्दाम ऐकत नव्हते. आमची भिंतच तेवढी उंच आहे.

आता जालन्यात लोखंडाचे कारखाने किती, ते इथल्या माणसाला सांगायला नको. इथं पोराचं मेटलमधे नाव लागलं म्हणजे नोकरी लागली. त्यात हेवी म्हणजे मोठ्या कारखान्यात.

या तिघांचे किस्से आमच्या गल्लीत इतके साठलेत की हळदीकुंकवाला बायका मला आधी बसवतात आणि वाण नंतर देतात. दर वेळी एखादा नवा आठवतो आणि जुना राहून जातो, म्हणून म्हटलं एकदा लिहूनच काढावं. सांगताना मी थोडं वाढवते असं कुसुमवहिनी म्हणतात. लिहिताना वाढवलेलं नाही.

*

संजू हा कुसुमवहिनींचा मुलगा, आमच्या भिंतीला भिंत लावून राहणारा. बी. एस्सी. झालेला. बियाण्याच्या एका कंपनीच्या गोडाऊनवर हंगामाचे तीन महिने रोजानं जायचा, बाकीचे नऊ महिने टेपरेकॉर्डर. ते कॅसेटचे दिवस. रफिकचं स्टेशन रोडला टेप दुरुस्तीचं दुकान होतं, तो कुठून कुठून कॅसेटी आणायचा.

एकदा आवाजानं माझ्या मांडणीवरची ताटं थरथरायला लागली, तशी मी तक्रार घेऊन गेले. संजू भांडला नाही. त्यानं मला खुर्ची दिली, माझ्या कानांना ते हेडफोन लावले आणि म्हणाला, "काकू, एकदा पूर्ण ऐका, मंग बोला."

मी पूर्ण ऐकलं. पाच मिनिटं तरी असेल.

"कळलं का काही?"

"कळलं," मी म्हटलं. "कोणाचं तरी लई दुखून राह्यलं."

संजू रफिककडे बघून म्हणाला, "बघ, तुझ्यापेक्षा जास्त कळलं काकूला."

*

त्याचे केस खांद्याच्या खाली गेले होते. वडील नाहीत, त्यामुळे नातेवाइकांना उत्तर द्यायचं काम वहिनींवर. त्यांनी एक सोपं उत्तर शोधलं होतं. कोणी विचारलं की म्हणायच्या, "जांबच्या समर्थांना बोललेलं आहे." मंग समोरचा हात जोडून गप्प बसायचा.

एका चुलत्यानं संजूलाच विचारलं, "किती दिवस हाय रे नवस?"

संजूला नवसाचं काही माहीत नव्हतं. तो म्हणाला, "गिटारवाल्याचे कंबरेपर्यंत आलेत. तवर तरी हाय."

*

तर मी हंडा तिथंच ठेवला आणि कुसुमवहिनींकडे गेले. वहिनी भाकरी थापत होत्या. ऐकल्यावर थापतच राहिल्या, भाकरी पाटावरच फाटली.

"पर्मनंट का?"

"लिस्ट लागली म्हणे."

"मला नाही सांगितलं पोरानं."

"हजर झाल्यावर सांगेल. आपण विचारायचं नाही वहिनी, दृष्ट लागते."

हे माझंच वाक्य. त्यामुळे शनिवारपर्यंत संजूला कोणी काही विचारलं नाही, आणि बाकी सगळ्या गल्लीला सगळं कळलं. बुधवारी तो हेल्पर होता, गुरुवारी भट्टीवर सुपरवायझर झाला, शुक्रवारी त्याला क्वार्टर मिळालं.

माझं माहेर धावड्याचं. माझ्या चुलतभावाची, किसनदादाची मुलगी मंगल जालन्याला होस्टेलवर राहून शिकत होती. रविवारी न्हायला-जेवायला माझ्याकडे यायची. दोन वर्षांत भिंतीवरून तिचं आणि संजूचं किती बोलणं झालं होतं ते मला माहीत होतं, कारण भिंत तीच. दादालाही अंदाज होता. त्याचं म्हणणं एकच, पोरगा रिकामा नको.

मी धावड्याच्या गाडीच्या कंडक्टरजवळ चिठ्ठी दिली: मुलगा मेटलमधे लागला, शनिवारी हजर होतो, येऊन बघून जा.

मंगलला कळलं तशी ती कॉलेजातून थेट आली. "आत्या, तुम्हाला संजूनं सांगितलं?"

"भिंतीवरून कळलं."

"मंग भिंतीलाच विचारा पगार किती." ती हसली नाही. "आबा एकदा न्हाई म्हणले की न्हाईच. खोटं निघालं तर मला परत धावड्याला नेतील."

पण चिठ्ठी घेऊन गाडी केव्हाच गेली होती.

*

शनिवारी दुपारी रफिकच्या चुलतभावाची जीप दारात उभी, तिघं काळे बनियन घालून तयार, आणि दादा आला. धोतर, टोपी, खांद्याला पिशवी. त्याची नजर आधी केसांवर गेली.

"हे कशापायी?"

"जांबच्या समर्थांचा नवस," वहिनी म्हणाल्या.

"कशाचा?"

वहिनी गडबडल्या. "नोकरीचा."

"मंग लागली की नौकरी. आता काढून टाका. मशीनमधी अडकतेत."

संजूनं मागं वळून भास्करला विचारलं, "कोणाला लागली?"

वहिनी म्हणाल्या, "लाजतोय."

दादा जीपमधे पुढच्या सीटवर जाऊन बसला. "मला बी न्या. कारखाना बघतो."

संजूनं मला तुळशीमागं ओढलं. "काकू, काय केलं तुम्ही हे?"

"मेटल म्हणला होता ना रफिक?"

"ते गाणं हाय काकू. गाण्याचा प्रकार हाय. मुंबईचा बँड आल्ता मागं पुण्याला, तोच इंजिनियरिंग कॉलेजच्या ग्राउंडवर येऊन राह्यला. लिस्ट पासची हाय."

"गाण्याला मेटल कोण म्हणतं?"

"सगळं जग म्हणतं."

"जालना सोडून," मी म्हटलं.

त्यानं तोंडावरचे केस मागं सारले. "मी मामांना सांगतो. खोट्यावर मंगल नको मला."

"सांग. पण रस्त्यात सांग, इथं वहिनींसमोर नको." एवढं बोलून मीही जीपमधे चढले. औरंगाबादला माझी बहीण राहते. त्या दिवशी मला ती फार आठवली.

*

संजूनं बदनापूरला सुरुवात केली. "मामा, ती नौकरी..."

"दादा, चिवडा घे," मी म्हटलं.

पुढं एका ढाब्यापाशी तो परत वळला. "मामा, तुम्हाला एक सांगायचं व्हतं..."

"दादा, कांदा टाकलाय, बघ तर."

मलाही कळत होतं की हे चूक आहे. पण दर वेळी डोळ्यापुढं मंगलची ट्रंक यायची, धावड्याच्या गाडीच्या टपावर ठेवलेली. औरंगाबाद येईपर्यंत डबा रिकामा झाला. रफिक म्हणाला, "काकू, वापस येताना दोन डबे लागतील."

*

ग्राउंडच्या गेटवर गर्दी. पासवाले तिघं वेगळ्या रांगेत गेले, मी आणि दादा बाजूला उभे राहिलो. कॉलेजचा एक मुलगा, छातीला बिल्ला लावलेला, पळत आला. दादाच्या टोपीकडे बघून त्यानं फार अदबीनं विचारलं, "काका, आपण कोणाकडून?"

दादा म्हणाला, "मुलीकडून."

पोरानं हातातल्या कागदावर बघितलं. मंग त्यानं आम्हाला आत नेऊन सगळ्यात पुढच्या सोफ्यावर बसवलं आणि सरबत दिलं. त्या बँडमधे एक मुलगी होती हे मला नंतर समजलं.

*

पहिलं गाणं सुरू झालं तेव्हा सोफा हलला. दादा माझ्याकडे वाकला. "चालू झाली का मशीन?"

मी मान हलवली. दुसऱ्या गाण्याला मागची हजार पोरं मान खालीवर करायला लागली. दादानं वळून बघितलं, टोपी काढून नीट परत घातली. "सगळ्यांच्या अंगात आलंय का?"

तिसऱ्या गाण्याला त्यानं पिशवीत हात घातला. सकाळी व्यापाऱ्याला दाखवायला आणलेला कापसाचा नमुना होता त्यात. चांगला लांब धाग्याचा, पांढराशुभ्र. अर्धा मला दिला, अर्धा स्वतःच्या दोन्ही कानांत दाबून बसवला. मी माझा हातातच ठेवला. मला ऐकायचं होतं.

संजू आमच्यापासून दहा पावलांवर कठड्याला धरून उभा होता. इतकी वर्षं मी त्याला बघत आले, पण असा कधी बघितला नव्हता. प्रत्येक शब्द पाठ, डोळे मिटलेले, केस सगळे तोंडावर. घरी वहिनींसमोर, नातेवाइकांसमोर तो खांदे पाडून चालतो. तिथं ताठ उभा होता. माझ्या मनात आलं, हे मंगलनं बघायला पाहिजे होतं.

आणि भर गाण्यात, गिटार किंचाळत असताना, तो कठडा सोडून आमच्याकडे आला. दादासमोर गुडघ्यावर बसला. एवढ्या आवाजात ओरडल्याशिवाय इलाज नव्हता, म्हणून ओरडून बोलला आणि मला शब्दन् शब्द ऐकू आला.

"मामा, मला नौकरी न्हाई. हा कारखाना न्हाई. लोकांनी काय सांगितलं मला माहीत न्हाई, मी नुस्तं ऐकायला आल्तो. तीन महिने गोडाऊनला जातो, तेवढंच हाय. मंगलला मी कधी खोटं बोललो न्हाई, तुम्हाला बी बोलणार न्हाई."

दादानं मान हलवली. "बराबर."

"मामा, नौकरी न्हाई मला."

"बराबर, बराबर." दादानं त्याच्या खांद्यावर थोपटलं आणि स्टेजकडे बोट केलं, म्हणजे जा, तुझं काम बघ.

संजूनं माझ्याकडे बघितलं. मी दादाच्या कानाकडे बघितलं. दोन्ही कानांतून कापूस बाहेर आला होता, देवापुढच्या वातीसारखा.

*

सकाळी वहिनींकडे पोहे झाले. संजू दाराच्या चौकटीला टेकून उभा. मंगलला मी मुद्दाम बोलावलं होतं, ती मागं बसून माझ्या पदराची कड ओढत होती.

"कारखाना कसा वाटला?" वहिनींनी विचारलं.

"आवाज लई हाय," दादा म्हणाला. चहा बशीत ओतून प्याला. "पोरगा पसंत हाय आम्हाला. सुपारी पुढल्या दिवाळीला फोडू. तवर नौकरी बघा म्हणावं कुठं तरी, बारा महिन्याची."

वहिनी चमकल्या. "आता आणखी कोणती? लागली ना?"

दादा पोहे खात राहिला. संजू चौकटीवरून सरळ झाला. मंगलनं माझा पदर सोडला.

म्हणजे मी ऐकलेलं सगळंच काही खोटं नव्हतं. मेटल होतं, शनिवार होता, औरंगाबाद होतं, लिस्टमधे नावही होतं. नोकरी तेवढी मी घातली होती.

दादाला स्टँडवर सोडायला मीच गेले. रस्ताभर माझ्या तोंडाशी येत होतं. शेवटी गाडी लागली, तो पायरीवर चढला, तेव्हा मी विचारलंच, "दादा, काल कार्यक्रमात कापूस होता ना रे तुझ्या कानात?"

दादानं वळून माझ्याकडे बघितलं.

"काय म्हणली?" तो म्हणाला, आणि खिडकीजवळ जाऊन बसला.