सदुसष्टाव्या वर्षी लिवाच्या वाळूत

आखातातल्या रुवैसहून आम्ही सकाळी सातला निघालो. गाडी माझा मुलगा नितीन चालवत होता. तो इथल्या तेलशुद्धीकरण कारखान्यात इंजिनिअर आहे. मागे माझी अकरा वर्षांची नात इरा तोंड उघडं टाकून झोपली होती. सुनेला ड्यूटी होती, म्हणून आम्ही तिघंच.

मला वाळूवर गाडी चालवायची होती. दोन वर्षांपूर्वी मैत्रिणींबरोबर गुलमर्गला गेले, तेव्हा बर्फावरच्या स्कूटरवर बसले होते, पण मागे. चालवणारा वेगळा, मी नुसती त्याचं जाकीट धरून. एकतीस वर्षं आरोग्यसेविका म्हणून संगमेश्वरच्या वाड्यावाड्यांवर मोपेड हाकलेली बाई मी. मागे बसण्याचा मला राग आला होता. म्हणून इथे येण्याआधीच इराला फोनवर सांगितलं होतं, ‘आजी स्वतः चालवणार.’

सुरुवातीला दोन्ही बाजूंना सबखा (खारट, पांढुरकी, सपाट जमीन) होती. झाड नाही, चढ नाही. दक्षिणेकडे वळल्यावर हळूहळू वाळू दिसू लागली, आधी फिकी, मग हळदीसारखी, आणि लिवा जवळ आलं तशी थेट विटकरी. मध्येच खजुराच्या हिरव्यागार बागा. तिथे एका दुकानाशी थांबलो.

“ये कौनसा है?” मी एका ढिगाकडे बोट दाखवून विचारलं.

“खलास,” दुकानदार म्हणाला.

“खलास कसे? समोर एवढा ढीग आहे!”

नितीन हसत सुटला. “आई, ‘खलास’ म्हणजे संपलं, ते वेगळं. हे त्या खजुराचं नाव आहे.” मग आम्ही खलास घेतले आणि कॅम्पवर पोचेपर्यंत त्यातले निम्मे खरोखरच खलास केले.

कॅम्प म्हणजे दोन तंबू, पाण्याची टाकी आणि ओळीत उभ्या क्वाड बाइक, म्हणजे चार जाड चाकांच्या, हँडलवाल्या गाड्या. तिथले इब्राहिमभाई साठीकडे झुकलेले, मूळचे हर्णैचे. आमचं मराठी ऐकून त्यांनी आधी करक (दाट, कडक चहा) दिला आणि मग फॉर्म पुढे केला. वय, आजार, गेल्या वर्षभरातलं दुखणं.

नितीन लिहायला लागला, तर मी पेन घेतलं. दुसऱ्यांच्या दुखण्यांच्या नोंदी करण्यात माझा जन्म गेला, माझ्या मी करीन. वय सदुसष्ट. रक्तदाबाची गोळी. डावा गुडघा. दिवाळीत चक्कर येऊन पडले, मनगटाला मार.

नितीनने कागद वाचला आणि त्याचा चेहराच बदलला.

“दिवाळीत? आई, मला कोणी सांगितलं नाही.”

“तू एवढ्या लांब. सांगून काय करणार होतास?”

“या माणसाला भेटून अर्धा तास नाही झाला. त्यांना खरं सांगितलंस. आणि मला रोज फोनवर ‘मी मजेत’!” त्याने कागदाची घडी केली. “कॅन्सल. यल्ला (चला), इरा, गाडीत बस.”

“बट पप्पा, आजी प्रॉमिस्ड!”

इब्राहिमभाईंनी शांतपणे विचारलं, “मावशी, चक्कर परत आलेली काय?”

“नाही. डॉक्टरांनी गोळी बदलली, त्यानंतर नाही.”

“आज गोळी, नाश्ता?”

“दोन्ही झालं.”

“मग आधी सपाटीवर चालवून दाखवा. मला बरोबर वाटलं नाही तर मी उतरवणार. राग मानायचा नाही.” मग ते नितीनला म्हणाले, “साहेब, मला भीती लपवणाऱ्यांची वाटते. यांची नाही.”

नितीनने घडी उलगडून कागद त्यांच्या हातात दिला.

या गाडीचा वेग उजव्या अंगठ्याने दाबून वाढवायचा असतो. माझे अंगठे आता डब्याचं झाकण उघडतानाही कुरकुरतात. सपाटीवर चार फेऱ्या मारल्या, वळणं घेतली. इब्राहिमभाईंनी मान हलवली आणि आपल्या गाडीवरून पुढे निघाले. पहिल्याच चढावर भीतीने माझा अंगठा सुटला. घाईने पुन्हा दाबला, तर चाकं जागच्या जागी गरागरा फिरली आणि गाडी पोटापर्यंत रुतली.

“चढाला दया दाखवायची नाही, मावशी,” वाळू उपसत ते म्हणाले. “सुरू केलंत की वरपर्यंत दाबून ठेवा. फक्त माथ्यावर थांबा. पलीकडे काय आहे ते दिसल्याशिवाय पुढे नाही.”

दुसऱ्यांदा मी अंगठा सोडला नाही. गाडी डावीकडे घसरली, सावरली, ओरडली, आणि एकदम पुढे आकाशच उरलं. थांबले. पलीकडे टेकड्यांमागे टेकड्या, आणि त्यांच्या धारा सुरीने कापल्यासारख्या. मी हसत होते.

मागून नितीन धापा टाकत चालत वर आला. बूट वाळूने भरलेले. तो माझ्या गाडीशेजारी वाळूतच बसला. इब्राहिमभाई थोडे दूर सरकले.

“बाबांच्या वेळीही तू म्हणालीस, थोडा ताप आहे,” तो म्हणाला. “मी विमानात बसलो तेव्हा सगळं संपलं होतं.”

“तुझी नोकरी नवीन होती. तेच म्हणाले, पोराला घाबरवू नको.”

“घाबरलो असतो, आई. पण पोचलो असतो.”

घरचं दुखणं लपवणाऱ्या किती जणांना मी आयुष्यभर झापलं होतं! “चुकलं माझं,” मी म्हणाले. याहून जास्त बोलता आलं नाही. त्याने बूट काढून वाळू ओतली, पुन्हा घातले, आणि म्हणाला, “जा आता. मी इथून बघतो.”

उतार मी सरळ घेतला. वारा हेल्मेटमध्ये शिरला, आणि मी अशी ओरडले की खाली इरा नाचायला लागली. अजून तीन टेकड्या केल्या. मोठ्या टेकडीला इब्राहिमभाईंनी विचारलं, तेव्हा मी सुजलेला उजवा अंगठा दाखवून नाही म्हणाले. कुठे पुरे म्हणायचं हे विशीत मला कळत नव्हतं. नंतर तंबूत मजबूस (मटणाचा मसालेभात) डाव्या हातानेच खाल्ला.

पंधरा दिवसांनी चिपळूणला परतले. लोक विचारतात, या वयात कशाला? वाळूवर शरीर आपलं वय विसरत नाही, उलट एकेक सांधा हजेरी देतो. तरीही हँडल आपल्या हातात असतं, आणि तेवढ्यासाठी मी पुन्हा जाईन.

परतल्याच्या तिसऱ्या दिवशी नितीनचा फोन आला. पाठीमागे कारखान्याची घरघर होती.

“कशी आहेस?”

जिभेवर नेहमीचं उत्तर आलं होतं. ते गिळलं. “आज बरं नाही रे. अंगठा अजून सुजलेला आहे, गुडघा दुखतो, आणि घर फार रिकामं वाटतंय.”

पलीकडे पावलं ऐकू आली, मग दार बंद झाल्याचा आवाज. घरघर थांबली.

“बाहेर आलो,” तो म्हणाला. “आता सांग.”