काळी काच

टाचणीबाईंना हे नाव प्रयोगशाळेतच पडलं. कोटाच्या कॉलरला कायम एक टाचणी खोचलेली. काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली, की त्या नमुन्यावरची पातळ काच टाचणीच्या टोकाने हलकेच ढकलून बघत. सत्तावीस वर्षांत हा नेम चुकला नाही.

नमुने असत साखरेपासून केलेल्या फेसाळ द्रव्यांचे. प्रत्येक रेणूला साखरेचं डोकं आणि तेलकट शेपटी. नव्या साहेबांच्या दोन नमुन्यांत डोकं एकच, शेपटीतले कार्बनही तेवढेच. पण एकाची शेपटी सरळ, दुसऱ्याच्या शेपटीला फाटे फुटलेले. सरळ शेपटीवाल्याने भिंगाखाली रंगीत पंख्यांची नक्षी दाखवली. फाटेवाल्याची काच काळी ठिक्कर. त्या खास प्रकाशाच्या भिंगाखाली रांगेत बसलेले रेणू रंगीत दिसत, पातळ द्रव काळा.

साहेबांनी एकदाच डोळा लावला आणि निकाल दिला. बाईंच्या निष्काळजीपणाने ओलावा शिरला, नमुन्याचं पाणी झालं. नोंदवहीत ‘हाताळणीत खराब’ लिहा, सही करा आणि टाकून द्या.

निवृत्तीला अकरा दिवस उरले होते. घरी लेक म्हणाली, आता जाता जाता कशाला वाकड्यात शिरतेस, करून टाक सही.

“अकरा दिवसांनी मी निघून जाईन,” बाई म्हणाल्या. “सही तिथेच राहील.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी काच पुन्हा भिंगाखालच्या तापत्या चकतीवर ठेवली आणि साहेबांपुढे टाचणी धरली.

“आता तुम्ही मला शिकवणार?”

“शिकवत नाही, सर. ढकलून बघा म्हणतेय.”

साहेबांनी ढकललं. पाण्यावरची काच सुळकन सरकली असती. ही जागची हलेना. त्यांनी जोर लावला. आत वाळत आलेल्या डिंकासारखं काहीतरी अडून बसलं होतं.

“पाय जुळवून बसणारे रांगेत मावतात,” बाई म्हणाल्या. “हे फतकल मारून बसणारे. यांची सरळ रांग होत नाही, जाळी होते. ती चहूबाजूंनी सारखीच, म्हणून भिंगाखाली काळी दिसते. पाणी व्हायला अजून तापवावं लागेल.”

साहेबांनी चकतीची उष्णता वाढवत नेली. बऱ्याच वेळाने काच टाचणीखाली एकदम घसरली. काळी होती, काळीच राहिली.

साहेब नोंदवहीकडे हात नेत पुटपुटले, की ते स्वतःच लिहितील. बाईंनी वही आपल्याकडे ओढली. ‘नमुना दोन. काळा, पण घट्ट. हाताळणीत दोष नाही.’ खाली ठसठशीत सही केली आणि वही त्यांच्याकडे फिरवली.

“आता तुमची.”