दादाच्या व्हॅनचा वॉटर पंप

हे मी आजवर कुणाच्या कानावर घातलेलं नाही. बायकोच्याही नाही — आणि आता ती नाही. कुंभवलीच्या दोन खोल्यांत संध्याकाळी मी आणि टीव्ही. टीव्हीला काय सांगणार? म्हणून तुम्हाला सांगतोय.

मी तारापूरला एका केमिकल कंपनीत फिटर. सगळी उमर पंप खोलण्यात आणि जोडण्यात गेली. थोरला भाऊ दातिवऱ्याला, बोटीवर तांडेल. बोट कुठे न्यायची, जाळं कधी टाकायचं, कधी माघारी फिरायचं — सगळं दादाच्या शब्दावर. वहिनीचे सुके बोंबील पालघरच्या बाजारात न्यायला त्याने एक जुनी व्हॅन घेतली होती. तिचा वॉटर पंप गळायला लागला.

दादा गॅरेजला टाकणार होता. मी म्हटलं, घरात फिटर असताना गॅरेज कशाला? पंप म्हणजे पंप! हात दाखवून अवलक्षण म्हणतात ना, ते हेच.

अंगणात, बोंबील वाळत होते त्याच्या बाजूला मी जुना पंप काढला, नवा बसवला. काम उत्तम चाललं होतं. पण माझा हात कंपनीचा — तिथले बोल्ट अंगठ्याएवढे, पान्यावर अख्खं अंग टाकून आवळायचे. इथलं सगळं ॲल्युमिनियम. शेवटच्या बोल्टला मी सवयीने आणखी एक पीळ दिला आणि आतले आटे गेले. बोल्ट नुसता गोल फिरायला लागला.

तेव्हाच दादा कुंपणाशी उभ्या शेजाऱ्याला सांगत होता, "माजा भाव हाय. कंपनीत मानसाएवढे पंप खोलतो!"

त्या कौतुकापुढे माझी जीभ रेटली नाही. आटे गेले, गॅरेजवाल्याकडून नवे पाडून घेऊ — एवढंच तर म्हणायचं होतं. मी बोल्टला पेस्ट फासली आणि तो तसाच चिकटवला. पण मला सांगायचंय ते हेही नाही. खरं तर मी अजून टाळतोय.

दहा-बारा दिवसांनी केळव्याच्या पुढे व्हॅन बंद पडली. इंजिन तापून जाम. ती ओढून घरी आणली आणि मीच खोलून पाहिली. त्याच बोल्टापाशी फट पडली होती, पाणी सगळं गेलेलं. दादा माझ्या मागे उभा राहून पुन्हा पुन्हा म्हणत होता, "पन काटा मदीच व्हता रे. मी बगत व्हतो."

काटा मध्येच होता. गरमीचा काटा पाण्याची गरमी मोजतो; पाणीच पूर्ण संपलं की तो चढेलच असं नाही, तो खोटं दाखवतो. हे कुठल्याही मेकॅनिकला माहीत असतं. मला माहीत होतं. आणि मी काय म्हणालो?

"काटा चढला असणार, दादा. तुला दिसला नसेल. वय झालं आता."

वय झालं, हे मी पदरचं घातलं. कुणी विचारलं होतं का?

मला वाटलं, व्हॅन भंगारात गेली की विषय संपेल. पण पावसाळा सरून बोटी निघायची वेळ आली, तेव्हा दादाने सुकाणू दुसऱ्याच्या हाती दिलं. "नाकासमोरचा काटा दिसत नाय, त्यानं लोकांची पोरं दर्यात न्यायची काय?" वहिनी रडली, खलाशी घरी येऊन बसले. तो हलला नाही.

वहिनीने त्याला पालघरला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, लांबची नजर तरण्या माणसासारखी आहे, जवळचं वाचायला तेवढा चष्मा लावा. त्या रविवारी मी तिथेच जेवायला होतो. दादा माझ्याकडे बघून म्हणाला, "डॉक्टरला काय म्हायत? गाडी तू खोललीस."

वहिनीही माझ्याकडे बघत होती. मी ताटातलं कालवण संपवलं, हात धुतला आणि एसटी पकडली.

आता मी महिन्यातून एखाद्या रविवारी जातो. दादा किनाऱ्यावर एकटाच बसलेला असतो, मी शेजारी बसतो. लांब पाण्यावर काहीतरी हलतं — मला नुसता ठिपका — आणि तो बोटीचं नाव घेतो. मग लगेच कचरतो, माझ्या गुडघ्यावर हात ठेवून विचारतो, "तीच ना रे? तू बग."

मला त्या ठिपक्यापलीकडे काहीच दिसत नसतं. मी डोळे बारीक करून बघितल्यासारखं करतो आणि म्हणतो, "हो, तीच."

बोट जवळ येते. दरवेळी तीच असते.