विरोधात दोन हात

गेल्या रविवारी आमच्या सुपारी बागायतदारांच्या सोसायटीची वार्षिक सभा होती. श्रीवर्धनजवळचं आमचं गाव, सोसायटीही गावाएवढीच लहान... वेळ दहाची, म्हणून मी दहाला हजर. हॉलमध्ये खुर्च्या मांडलेल्या, आणि माणसं म्हणाल तर मी आणि सेक्रेटरी प्रमोदभाऊ.

"ताई, तुम्ही नवीन आहात म्हणून," प्रमोदभाऊ हसले. "आपल्याकडे कोरम कधीच भरत नाही. सभा तहकूब करायची आणि अर्ध्या तासाने तीच पुन्हा घ्यायची. मग कोरम लागत नाही. लोक तेव्हाच येतात."

त्यांनी माझ्या एकटीसमोर सभा तहकूब केली. मी अर्धा तास भाषण घोकत बसले.

भाषण कशाचं, ते सांगते. नवी मुंबईतली माझी नोकरी गेल्या वर्षी एका व्हिडिओ कॉलमध्ये गेली. बाबाही त्याच सुमारास गेले, आणि मी गावी येऊन त्यांची सुपारीची वाडी बघायला लागले. तेव्हापासून फेसबुकवर मी चांगलीच समाजवादी झालेय, तुम्ही बघताच आहात... भांडवलशाहीला शिव्या घातल्या की लाइकही बरे पडतात.

गावात तर माझ्याहून कडक माणसं. चहाच्या टपरीवर कुणीही सुरू करावं... कंपन्यांनी देश विकत घेतला, व्यापारी आपल्याला नागवतो, सगळं सरकारजमा करा! मला वाटायचं, राग तर तयारच आहे. कुणीतरी उठून बोलायचीच काय ती खोटी.

सभेपुढे ठराव होता, सोसायटीचं गोदाम आणि सुपारी वाळवायचं खळं एका रिसॉर्टवाल्याला लांब मुदतीच्या भाड्याने देण्याचा आणि भाडं सभासदांत वाटून घेण्याचा. म्हणजे एकत्र वाळवायचं, एकत्र विकायचं, हे संपलं. पुढे प्रत्येकाने आपापल्या दारात व्यापाऱ्यासमोर एकट्याने उभं राहायचं. माझ्यासारखीला तो काय भाव देईल, ते सांगायला नको.

अर्ध्या तासाने लोक आले. वडे आणि चहा झाला, पडलेल्या भावावरून व्यापाऱ्यांचा यथेच्छ उद्धार झाला. मग ठराव वाचला, आणि त्याच तोंडांनी "मंजूर, मंजूर" सुरू झालं.

मी उठले. बोलले... घोकलेल्यातलं निम्मं विसरले. मागून कुणीतरी म्हणालं, "ताई, समाजवाद आणताय काय गावात?" सगळे हसले. वाईट हेतूने नाही, पण हसले.

"विरोधात कोण?" प्रमोदभाऊंनी विचारलं.

मी हात वर केला. आजूबाजूला बघितलं, तर टपरीवरचे सगळे क्रांतिकारक कपातला चहा निरखत होते. नोकरी गेली त्या दिवशीही मला इतकं एकटं वाटलं नव्हतं. खरं सांगते, रडू येत होतं.

तेवढ्यात शेवटच्या रांगेत आणखी एक हात वर गेला. गंगारामकाका... खालच्या आळीतले, थोडीशीच झाडं असलेले, सभेत कधी तोंड न उघडणारे.

"काका, तुमचा विरोध?" प्रमोदभाऊ चकितच झाले.

"व्हय. लिवा."

ठराव अर्थातच मंजूर झाला. बाहेर चपला घालताना मी काकांना गाठलं. म्हटलं, तुम्हाला तरी माझं पटलं!

"तुमचं भाषान मला काय कळलं न्हाय," काका म्हणाले. "ठराव तर व्हनारच व्हता. पन तुमी येकट्याच हात वर करून उभ्या... बरं न्हाय वाटलं."

एवढं बोलून ते छत्री काखेत मारून चालू लागले.

वैतागातून समाजवाद येईल का, हा प्रश्न मी इथे वर्षभर तुम्हाला विचारतेय. त्या हॉलमध्ये वैताग पुष्कळ होता, पण प्रत्येकजण आपापला घेऊन आला आणि आपापला घेऊन गेला. काका कुणावर चिडलेलेच नव्हते. त्यांना एक माणूस एकटं पडलेलं दिसलं, आणि ते बघवलं नाही... समाजवाद यायचाच असेल तर बहुधा तिथूनच येईल.

काका फेसबुकवर नाहीत, त्यामुळे माझे आभार इथून त्यांच्यापर्यंत पोचायचे नाहीत. उद्या सकाळी त्यांच्या वाडीवर जाऊनच सांगते. तसंही, घरात बोलायला कुणी नाही.