पेटीचं तोंड

"थांब रे, माझं कार्ड आत आहे!" मी ओरडेपर्यंत वेल्डरने टपालाच्या लाल पेटीच्या तोंडावर पत्रा ठेवून वेल्डिंग सुरू केलं होतं. कार्ड धाकट्या बहिणीला होतं. तिला ऐकू येत नाही, त्यामुळे फोनचा काही उपयोग नाही.

शेजारी उभा असलेला पोस्टाचा साहेब हसला. "आजी, अजून पत्रं टाकता? ही बिडाची पेटी म्हणजे वारसा आहे. आता तिला रंग देणार, पाटी लावणार."

"मग तोंड का बुजवताय?"

"लोक कचरा टाकतात हो."

मला अशा कौतुकाचा संशयच येतो. आमच्या मंडळात म्हाताऱ्यांचा सत्कार करतात, तेव्हा शाल-नारळ देऊन पुढच्या खुर्चीत बसवतात आणि माईक मात्र कुणी हातात देत नाही. पेटीचंही तेच चाललं होतं. पेटीच्या माथ्यावरचा इंग्रजांच्या काळचा मुकुट घासूनपुसून ठेवला होता. पण कार्ड खाली पडलं का, हे बघायला ज्या फटीत मी बोटं घालून चाचपायचे, तीच नेमकी त्यांना नको होती.

मी हटले नाही. शेवटी साहेबाने खालचं दार उघडायला लावलं आणि कार्ड माझ्या हातात दिलं. "हायवेपलीकडच्या पोस्टात टाका," म्हणाला. हायवे माझ्या गुडघ्यांनी ओलांडायचा होता, त्याच्या नव्हे.

मग दारही सांधून टाकलं. बघायला सगळी गल्ली जमली होती. त्यांच्यात त्या पेटीत पत्र टाकणारी मी एकटीच होते.