बॉयकॉट नावाचा कारभारी आणि आमचे बाबा

आम्ही गाव सोडलं त्या सकाळी टेम्पो भरून झाल्यावरही बाबांनी ड्रायव्हरला थांबवून ठेवलं. टायर बघ, दोरी बघ, असं करत अर्धा तास काढला. निरोपाला कोणीतरी येईल, असं त्यांना वाटत होतं. शेवटी आई म्हणाली, "आता कोनाची वाट बगता? चला."

केळव्याच्या अलीकडचं आपलं गाव ते बोईसरजवळची सरावली, तासाभराचा रस्ता. गावकऱ्यांनो, तुमच्यातले जे परदेशी गेले ते दर दोन वर्षांनी घरी येतात. आम्हाला हा तासाभराचा रस्ता चाळीस वर्षं उलटा कापता आला नाही.

कारण तुम्हाला ठाऊक असेल, किंवा नसेलही. कारखान्याचं सांडपाणी खाडीत नेणाऱ्या पाइपलाइनला कोणी आपल्या वाडीतून वाट द्यायची नाही, असं गावाने ठरवलं होतं. बाबांनी दिली. बदल्यात मुलगा मोठा झाला की त्याला नोकरी, असं कारखान्याने त्यांना कबूल केलं होतं. मुलगा म्हणजे मी.

मग न्हावी दारावरून पुढे जाऊ लागला. दुकानात काडेपेटी संपलेली असायची, ती मागे फळीवर रचलेली दिसत असूनही. पण खरा जाच लग्नाच्या दिवशी. आपल्याकडे चूलबंद आवतण असतं. अख्ख्या घराने जेवायला यायचं, घरी चूल पेटवायची नाही. त्या दिवशी सगळ्या गावात धूर फक्त आमच्या घरातून निघायचा. तो कमी व्हावा म्हणून आई निवडून सुकी लाकडं लावायची.

बोईसरच्या शाळेत इंग्रजीच्या सरांनी 'बॉयकॉट' शिकवला. हे मुळात आडनाव, म्हणाले. आयर्लंडमधल्या एका जमीनदाराचा कारभारी. कुळांना जमिनीवरून काढायला निघाला, तर लोकांनी त्याचं पीक कापणं सोडलं, दुकानदाराने माल देणं सोडलं, पत्रं पोहोचेनात. अखेर त्याने गाशा गुंडाळला आणि आडनाव तेवढं मागे राहिलं. वर्ग हसला. मीही हसलो, आणि हसता हसता लक्षात आलं की या गोष्टीत गावकरी बरोबर होते. आमच्याही गोष्टीत होते. हे मी घरी सांगितलं नाही. पुढे त्याच कारखान्यात तीस वर्षं नोकरी केली, तेव्हाही नाही.

माझी मुलगी हा शब्द दर आठवड्याला वापरते. कधी साबण बॉयकॉट, कधी सिनेमा. अंगठ्याने करायचं काम आहे. दोन दिवसांनी तोच साबण न्हाणीघरात दिसतो.

या वर्षी चुलतभाऊ प्रभाकरच्या मुलाचं लग्न ठरलं आणि मोबाइलवर पत्रिका आली. बाबा आता शहाऐंशी वर्षांचे. मरण्याआधी एकदा गावच्या पंगतीत जेवायचं, एवढीच त्यांची इच्छा. पण म्हणाले, "मोबाइलवर आवतण नसतं. दारात येऊन सांग म्हनावं." प्रभाकर आला. तीन मजले चढून धापा टाकत म्हणाला, "काका, चूलबंद हाय बरं. कोनी घरी जेवायचं नाय." बाबांनी सदरा आठ दिवस आधी इस्त्रीला दिला.

मांडवात बाबा सगळ्यांसमोर जाऊन उभे राहिले. कोणी तोंड फिरवलं नाही, कोणी ओळखलंही नाही. आम्हाला वाळीत टाकायचा निवाडा करणारे केव्हाच वारले होते. एका पोराने अदबीने विचारलं, "आजोबा, तुमी नवरीकडचे का?" बाबांचा चेहरा उतरला. पानावर बसले, पण भाताला हात लावला नाही.

समोरच्या ओळीत येसूकाकी होत्या. खाडीकडेची विहीर त्यांची. पाइप आला आणि तिचं पाणी पिण्याजोगं राहिलं नाही. त्या बराच वेळ बाबांकडे बघत होत्या. मग नातवाचा खांदा धरून उठल्या.

"आजी, बस ना. जुनं झालं आता."

"तुला जुनं. विहीर माजी गेली. याच्या पंगतीला मी नाय बसायची."

बाबा म्हणाले, "बरोबर हाय तिचं." चाळीस वर्षांत पहिल्यांदा. मग खाली मान घालून जेवले, दोनदा भात घेतला.

परतताना गाडीत म्हणाले, "येसूवैनीने वळखलं मला. बुधवारी परत आन. तिच्या ओट्यावर बसतो. बोलली नाय तरी बसतो."

त्यांना त्यांचं गाव सापडलं. माझ्याकडे काकींनी पाहिलंही नाही. पगार मी घेतला, पण मी कोण हे त्यांना माहीतच नव्हतं. सरावलीच्या आमच्या इमारतीत माझ्यावर कोणाचा राग नाही. तिथे राहणं सोपं आहे, पण त्याला घर म्हणायला जीभ वळत नाही. बुधवारी बाबांबरोबर मीही गाडीतून उतरणार आहे. काकींना आधी कळवून ठेवा. त्यांनी दार लावून घेतलं तरी चालेल. फक्त लावण्याआधी, सोबत कोण आलंय, तेवढं विचारावं.