खांब पाच ते दहा

बंदरात त्याला सगळे वस्तरा म्हणत. हजेरी घेताना मुकादमसुद्धा 'वस्तरा' अशी हाक मारायचा आणि वहीत मात्र खरं नाव लिहायचा. वस्तऱ्याचं काम एकच, धक्क्याच्या खांबांवर जे काही उगवेल ते खरवडून काढायचं. समुद्राला कोरा खांब बघवत नाही. आज साफ केलेला खांब पंधरा दिवसांत हिरवा होतो, दोन महिन्यांत खरखरीत होतो आणि वर्षभरात शंखशिंपल्यांनी असा मढतो की तडे तपासायला आलेल्या इंजिनियरला काँक्रीट दिसतच नाही. म्हणून ओहोटी लागली की जोडीदाराने होडी खांबाला भिडवून धरायची आणि वस्तऱ्याने लांब दांड्याचं पोलादी पातं घेऊन भिडायचं. धक्क्याला चाळीस खांब होते. चाळिसाव्यापर्यंत पोचायला वर्ष लागायचं, तोवर पहिला पुन्हा मढलेला असायचा. अशा चोवीस फेऱ्या त्याने केल्या होत्या.

त्याचा हात चांगला होता हे बंदरातलं शेंबडं पोरही सांगेल. काही चिकटलेलं दिसलं की त्याला राहवत नसे, हीच काय ती खोड. घरात नव्या तव्याला हात लावायची त्याला सक्त बंदी होती, कारण आधीच्या तव्याला काही चिकटू नये म्हणून कारखान्याने दिलेला काळा थर त्याने एका दुपारी घासून काढला होता आणि तवा कसा चकचकीत झाला म्हणून बायकोला दाखवायलाही आणला होता.

बंदर सरकारी. मागच्या वर्षी बंदराने समुद्रावर काम करणाऱ्या एका संस्थेशी करार केला. बंदराने जागा आणि होडी द्यायची, संस्थेने माणसं आणि माहिती. सहा खांबांवर कालवं वाढवायची असं ठरलं. कालव, म्हणजे खडकाला चिकटून राहणारा शिंपल्यातला जीव, पाणी गाळून त्यातलं खातं, एकटं कालव दिवसाला कित्येक बादल्या पाणी गाळतं. खांबांवर ती रुजली तर बंदराचं पाणी निवळेल आणि पुढे त्यांची पिल्लं मच्छीमार बायकांच्या गटाला वाढवायला देता येतील, म्हणजे त्यांनाही धंदा होईल. करार पाच वर्षांचा होता, पण पहिल्या वर्षाअखेर मोजणी होती. सहा खांबांवर जिवंत कालवं दिसली तर पुढची चार वर्षं, नाहीतर राम राम.

या मोजणीसाठी संस्थेने वर्षाच्या बोलीवर जिला घेतलं होतं ती वस्तऱ्याची थोरली. समुद्री जीवांवरचं शिक्षण पुरं करून तिने दोन वर्षं शिकवण्या घेतल्या होत्या आणि अर्ज केले होते. ही तिची पहिली नोकरी. बंदराच्या जुन्या तिकीटघरात तिला एक टेबल मिळालं होतं, एक भिंग आणि खिडकीतून थेट पाणी. ती घरी आल्यावर जेवता जेवता कालवांबद्दल बोलायची आणि धाकटी कानांवर हात ठेवायची.

धक्क्यावर चेष्टेला ऊत आला. बाप दाढी करतो, लेक केस वाढवते, असं मुकादम येईल त्याला ऐकवायचा. वस्तरा हसून सोडून द्यायचा, पण मनात त्याला हा करार पटला नव्हता. चोवीस वर्षं आपण जे काढतोय तेच लावायला सरकार माणसं ठेवतंय, ही कुठली रीत? तरी मुकादमाने कागद वाचून दाखवला तेव्हा त्याने निमूट मान डोलावली. खांब क्रमांक पाच ते दहा यांना वर्षभर हात लावू नये, असं त्यात होतं.

त्याने शब्द पाळला. फेरीत पाचवा खांब आला तेव्हा दहाव्यापर्यंत तो डोळे मिटून पुढे गेला, असं जोडीदार सांगतो. पुढे सातव्यावरची वाढ बघून त्याचा हात दोनदा पात्याकडे गेला. जोडीदाराने दोन्ही वेळा होडी मागे घेतली.

कराराचं पहिलं वर्ष संपत आलं तेव्हा फेरी धक्क्याच्या दुसऱ्या टोकाला, गेटाजवळ आली. तिथल्या सहा खांबांवर वस्तऱ्याला एक भलतीच गोष्ट दिसली. कोणीतरी त्यांना ओबडधोबड गिलावा मारला होता, त्यात शिंपल्यांचा चुरा कालवलेला, आणि त्यावर नखाएवढं काहीबाही चिकटलेलं. गवंड्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत त्याने दोन दिवस घाम गाळला आणि सहाही खांब मूळ काँक्रीटपर्यंत नितळ केले. धक्क्यावर, बरोबर त्याच्या डोक्यावर, संस्थेची निळी पाटी होती. पण ती वरून चालणाऱ्यांसाठी होती. खालून होडीतून तिची फक्त मागची बाजू दिसायची.

त्या संध्याकाळी जेवताना त्याने हे सगळं घरच्यांना सांगितलं, जरा मिरवतच. असला भिकार गिलावा आयुष्यात पाहिला नाही म्हणाला.

थोरलीचा घास हातात राहिला. तिने कोणते खांब म्हणून विचारलं.

"एकतीस ते छत्तीस."

"कुठून मोजून?"

"कुठून म्हणजे? समुद्राकडून. जहाज काय गेटातून येतं?"

तिने घास परत ताटात ठेवला. वस्तऱ्याने तेवढ्यात मनातल्या मनात गेटाकडून उलटे मोजले. चाळिसावा तो पहिला, एकोणचाळिसावा दुसरा. छत्तिसाव्याला पाच झाले, एकतिसाव्याला दहा. त्याने ताट सरकवलं.

संस्थेची माणसं रस्त्याने आली होती. गेटातून आत शिरून त्यांनी समोर दिसला तो खांब एक नंबर धरला होता आणि तिथून पाच ते दहा मोजून, कालवं धरावीत म्हणून, शिंपल्यांचा तो गिलावा मारला होता. बंदरात आजवर कोणी तसं मोजलं नव्हतं, म्हणून कोणी त्यांना सांगितलंही नव्हतं. आणि मोजणी तीन दिवसांवर आली होती.

बायकोने तवा उचलून आत नेला आणि आतूनच म्हणाली, "तरी बरं, या माणसाला डॉक्टर केलं नाही."

रागावून झाल्यावर थोरली रडली, रडून झाल्यावर हिशोबी झाली. सहा खांब कोरे म्हणजे करार बंद, करार बंद म्हणजे तिकीटघर बंद. वस्तऱ्याला तेवढ्यात एक वाट सुचली. समुद्राकडच्या पाच ते दहावर मागच्या फेरीपासूनची, म्हणजे पावणेदोन वर्षांची वाढ आहे, आणि तिच्यात कालवंच कालवं आहेत, मुठीएवढी. मोजणी बघायला येतील त्या साहेबांना तिकडे न्यायचं. खांब तो खांब, कालव ते कालव. कुणाला काय कळतंय?

"मला कळतंय ना," थोरली म्हणाली. "ती आम्ही लावलेली नाहीत, बाबा. आपोआप आलीत. आमची म्हणून मी नाही दाखवणार."

"नोकरी जाईल."

"जाईल."

या मुलीला हे कोणी शिकवलं म्हणून त्याने बायकोकडे पाहिलं. बायकोने पाठ फिरवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो मुकादमाला न सांगता बंदराच्या उपव्यवस्थापकांच्या खोलीत गेला. साहेबांच्या खोलीत जायची चोवीस वर्षांतली ही त्याची दुसरी वेळ. पहिली कायम झाल्याची ऑर्डर घ्यायला. संस्थेच्या मुख्य बाई तिथेच बसल्या होत्या आणि थोरली दाराशी उभी होती, कारण तीही तेच सांगायला आली होती. वस्तऱ्याने तिला बोलू दिलं नाही. गिलावा मी काढला, तो गवंड्याचा नव्हता हे मला काल कळलं, पोरीचा यात काही हात नाही, असं त्याने एका दमात सांगून टाकलं. मग न राहवून जोडलं, "पण गिलावा खरंच कच्चा होता, साहेब. एका फटक्यात येत होता."

बाईंचा चेहरा आधी उतरला. मग त्यांनी विचारलं की समुद्राकडचे जे खांब चुकून सोडले त्यांवर काय आहे. वस्तऱ्याने सांगितलं. सातव्यावर सगळ्यात दाट, कारण तिथे नाल्याचं गोडं पाणी येऊन मिळतं. पाचव्यावर विरळ, तिथे टगबोटी पाणी घुसळतात. सावलीच्या बाजूला जास्त, उन्हाच्या बाजूला कमी. बाईंनी वही काढली. अर्धा तास त्या विचारत राहिल्या आणि तो सांगत राहिला. तुम्ही हे आधी का नाही सांगितलंत, असं बाईंनी विचारलं. कुणी विचारलं नाही म्हणून, हे त्याचं उत्तर होतं.

उपव्यवस्थापक तोवर करार आणि धक्क्याचा नकाशा शेजारी शेजारी ठेवून वाचत होते. कागदाबाहेर बोट न टाकणारा माणूस म्हणून त्यांची ख्याती होती. करारात 'सोबतच्या नकाशातील खांब पाच ते दहा' असं होतं, आणि नकाशा बंदराचा, म्हणजे आकडे समुद्राकडून. त्यांनी चष्मा काढला.

"कागदाप्रमाणे यांनी बरोबर खांब सोडलेत. चुकीच्या खांबांना गिलावा तुम्ही मारलात, बाई."

कालवं लावलेली नाहीत, आपोआप आलीत, हे अहवालात स्पष्ट लिहावं लागेल, असं थोरली दारातून म्हणाली. उपव्यवस्थापक म्हणाले, लिहा. जिवंत कालवं आहेत का, एवढंच करार विचारतो. कोणी लावली हे तो विचारत नाही. बाईंनीही मान डोलावली. गिलाव्याचा खटाटोप फुकट होता, नुसतं न खरवडणं पुरेसं होतं, हे कळायला एवढं रामायण घडावं लागलं, असं त्या म्हणाल्या आणि स्वतःच हसल्या.

मोजणीला दोन ओहोट्या लागल्या. थोरली मोजत होती, जोडीदाराला सुट्टी देऊन होडी वस्तऱ्याने धरली होती. सातव्या खांबावर तिचा आकडा दोनशे एक्क्याण्णव आला.

"तीनशे लिही," तो म्हणाला. "नऊसाठी कोण बघतंय?"

"दोनशे एक्क्याण्णव."

"साहेबांना गोल आकडा बरा वाटतो."

"बाबा, होडी नीट धरा. हलतेय."

चोवीस वर्षांत होडी कशी धरायची हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. त्याने दोन्ही हातांनी खांबाला मिठी मारली, कालवांच्या कडा तळव्यांना बोचत असताना होडी घट्ट धरून ठेवली, आणि तिने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. या वेळी दोनशे चौऱ्याण्णव भरली. तीन त्याच्या कोपराच्या बाजूला, सावलीत होती. ती त्यानेच दाखवली.

करार पुढे चालू राहिल्याचं पत्र महिन्याभराने आलं. त्यात थोरलीची नोकरी चार वर्षांची झाली होती आणि शेवटी एक ओळ जास्तीची होती: यापुढे कोणते खांब सोडायचे हे खरवडणाऱ्या कामगाराला विचारून ठरवावं. मुकादमाने ती ओळ हजेरीच्या वेळी मोठ्याने वाचली आणि विचारलं, बोला साहेब, कोणते सोडायचे?

वस्तऱ्याने सातवा, आठवा आणि बारावा सांगितला. बाकीचे सोडायला तो तयार नव्हता. त्यावरून बाप-लेकीचं भांडण अजून चालू आहे.